संकटात बायबल वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतली दहा-बारा माणसे कोणाच्या तरी घरी जमतात आणि बायबलचा एक अध्याय वाचतात. गाव नगर. चहा आधी की वाचन आधी यावर इतक्या वर्षांत एकमत झालेले नाही. नवीन माणूस बहुधा अडचणीत सापडल्यावरच येतो: बायॉप्सीचा रिपोर्ट हाती पडलेला असतो, कंपनीने घरी बसवलेले असते, नाहीतर घरातले कोणी गेलेले असते. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. मी पाळक नाही, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. त्यामुळे उत्तरे वाचणाऱ्याची आहेत, धर्मपंडिताची नाहीत.

आजपासून वाचायचे ठरवले आहे. सुरुवात कुठून करू?

पहिल्या पानापासून नको. उत्साहाने ‘उत्पत्ती’ उघडणारे पुष्कळ असतात. अब्राहाम, याकोब, योसेफ इथवर गोष्टी रंगतात, ‘निर्गम’ही निम्मे सरते, आणि मग मंडपाची मापे आणि ‘लेवीय’मधले यज्ञाचे नियम आले की गाडी रुतते. पुस्तक कपाटात जाते आणि वर अपराधी वाटत राहते. त्या भागालाही अर्थ आहे, पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाने तो आज शोधू नये.

मार्कचे शुभवर्तमान घ्या, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कहाणी. सोळाच अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटे. मार्क घाईत सांगतो. प्रसंगामागून प्रसंग येतात, लांबलचक प्रवचने कमी. चौथ्या अध्यायाच्या शेवटी वादळाची गोष्ट आहे. ती सावकाश वाचा. मचव्यात पाणी शिरते आहे आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात ते काही भक्तिभावाने नाही, चिडून. आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काहीच वाटत नाही का, असा त्यांचा सूर आहे. आणि तो आधी वाऱ्याला गप्प करतो, त्यांना बोलायचे ते नंतर बोलतो. हा क्रम मला फार आवडतो.

रात्री झोपण्यापूर्वी ‘स्तोत्रसंहिते’तले एक स्तोत्र. बस, एवढेच.

मोबाइलवर रोज सकाळी एक वचन येते. तेवढे पुरत नाही का?

पोळीचा एक घास म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही.

उदाहरण घ्या. यिर्मया २९:११ हे वचन तुम्ही कॅलेंडरवर, मगवर, लग्नपत्रिकेवर पाहिले असेल. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय. मागे फुले, सूर्योदय. आता त्याच्या आधीची दहा वचने वाचा. हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधले राजघराणे, कारागीर, लोहार उचलून बाबेलला नेले. त्या परागंदा लोकांना यिर्मयाने ते पाठवले. तिकडे काही संदेष्टे सांगत होते की लवकरच परत जायचे आहे, सामान बांधून ठेवा. यिर्मया लिहितो: घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. का? तर अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, मुदत दिली आहे. सत्तर वर्षे.

सत्तर. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता.

आमच्या गटातल्या एका काकूंच्या मुलाची किडनी निकामी झाली होती, आठवड्याला तीन डायलिसिस. त्यांना येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने २९:११ ऐकवले होते. त्या म्हणाल्या, “ते ऐकलं की मला वाटायचं, चांगलं होणार आहे तर कधी? सत्तर वर्षांचं वाचलं आणि उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, मग आधी घर बांधू.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी डायलिसिसच्या दिवसांसाठी वेगळा डबा, वेगळी पिशवी, वेगळी पाण्याची बाटली असे सगळे लावून टाकले. पाणी मोजून प्यायचे असते म्हणून बाटलीवर नेलपॉलिशने रेघा मारल्या. सुट्या वचनाने त्यांना घाई लावली होती, अख्ख्या अध्यायाने ती काढून घेतली.

‘भिऊ नको’ हे बायबलमध्ये ३६५ वेळा आले आहे, रोजच्यासाठी एकदा. हे खरे आहे का?

नाही. मोजून पाहा. भाषांतर बदलले की आकडा थोडा मागेपुढे होतो, पण ३६५ काही भरत नाहीत. लीप वर्षाचे काय करायचे हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. वाक्य पुष्कळदा येते हे मात्र खरे, आणि बहुतेक वेळा ज्याला भिण्याचे रास्त कारण आहे अशाच माणसाला सांगितलेले असते.

देवाचा राग येतो. अशा मनाने बायबल वाचणे हे पाप नाही का?

मग अर्धे बायबलच बाद करावे लागेल.

१५० स्तोत्रांपैकी पन्नासच्या आसपास स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. ‘किती वेळ, परमेश्वरा?’ हा त्यांचा पालुपदासारखा प्रश्न. त्यांतली बहुतेक शेवटी वळण घेतात, स्तुतीकडे जातात. ८८ वे घेत नाही. ते अंधारात सुरू होते आणि ‘अंधार’ याच शब्दावर येऊन थांबते, पुढे काहीच नाही. ज्या कोणी हा संग्रह केला त्यांनी ते स्तोत्र काढून टाकले नाही, शेवटी गोड ओळही चिकटवली नाही. ज्या रात्री तुमच्याकडे गोड ओळ नसेल त्या रात्रीसाठी ते आहे.

मराठी माणसाला तर हे परके वाटूच नये. तुकोबा विठ्ठलाशी किती भांडतात! भांडण हे नाते तुटल्याचे लक्षण नाही, असलेल्या नात्याचेच आहे. ज्याच्याशी संबंध नाही त्याच्याशी कोण कशाला वाद घालील?

हबक्कूक नावाचे तीन अध्यायांचे छोटेसे पुस्तक आहे, जुन्या कराराच्या शेवटाकडे. हा संदेष्टा सुरुवातच तक्रारीने करतो: मी ओरडतो आहे आणि तू ऐकत नाहीस. उत्तर येते, पण ते प्रश्नापेक्षा भयंकर असते. देव म्हणतो, खास्द्यांची, म्हणजे बाबेलवाल्यांची, फौज आणतो आहे. हबक्कूक पुन्हा भांडतो आणि मग बुरुजावर उभा राहतो, उत्तराची वाट पाहत. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो यादी करतो: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरे नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

माझ्या आजोबांचे बायबल माझ्याकडे आहे. काळे कव्हर, पाठीला शाळेच्या वहीचा कागद खळीने चिकटवलेला, पाने कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. हबक्कूकच्या त्या वचनाशेजारी समासात शिसपेन्सिलीने फक्त ‘७२’ लिहिले आहे. १९७२ चा दुष्काळ म्हणजे काय ते आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. बंडिंगची कामे, खडी फोडणारी बायामाणसे, मुलांना सुकडी, आणि घशाखाली न उतरणारी मिलो ज्वारीची भाकरी. आजी सांगायची की त्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही बैल विकले आणि रात्री आजोबा कंदिलाच्या उजेडात हेच पान उघडून बसले. मोठ्याने वाचत वाचत ‘गोठ्यात गुरे नाहीत’ इथवर आले आणि थांबले. त्या रात्री ‘तरी’पर्यंत ते गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले की महिनाभराने, ते आजीला आठवत नव्हते.

तेव्हा तुम्हीही ‘तरी’पाशी आजच पोचलात नाही तर बिघडत नाही.

२३ वे स्तोत्र लहानपणापासून पाठ आहे. आता म्हणताना काहीच वाटत नाही. काय करू?

पाठ असलेल्या गोष्टीचे तसेच होते. जिभेला माहीत असते, कानाला ऐकू येत नाही. ते एकदा हाताने लिहून काढा.

मी हे केले ते मिस्टरांच्या ऑपरेशनच्या वेळी. अतिदक्षता विभागाच्या बाहेर रात्रभर बसायचे होते आणि हातात औषधांच्या चिठ्ठीची मागची कोरी बाजू होती. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ पुढे तो कुरणांत बसवतो, तो संथ पाण्यावर नेतो, तो जीव ताजातवाना करतो. सगळे ‘तो’. मग चौथे वचन आले, मृत्युछायेच्या दरीचे, आणि लिहिताना पेन थांबले: कारण ‘तू’ माझ्याबरोबर आहेस. पन्नास वर्षे हे स्तोत्र म्हणत होते, शाळेत मुलांना सर्वनामे शिकवत होते, आणि हा बदल कधी दिसला नव्हता. हिरव्या कुरणात स्तोत्रकार दावीद देवाविषयी बोलतो, अंधाऱ्या दरीत देवाशी बोलतो.

त्याच वचनात ‘तुझी आकडी व तुझी काठी’ असे आहे. शहरातल्या मुलांना आकडी म्हणजे काय ते सांगावे लागते. आमच्या रस्त्यावरून धनगरांचे कळप जातात. लांब काठीच्या टोकाला आकडी लावून ते बाभळीची फांदी खाली ओढतात, मग शेरडे-मेंढरे त्यावर तुटून पडतात. म्हणजे एका हातात कुत्र्या-लांडग्यासाठी काठी, दुसऱ्या हातात उंचावरचे खाली आणणारी आकडी. हा अर्थ माझा, टीकाकारांचा नव्हे; पण त्या रात्री मला तो पुरला.

धैर्य म्हणजे भीती न वाटणे ना? मला तर सारखी भीती वाटते.

यहोशवाचा पहिला अध्याय काढा. मोशे वारला आहे, यार्देन ओलांडायची आहे आणि सगळा भार या माणसावर. ‘खंबीर हो, हिंमत धर’ हे त्याला त्या एका अध्यायात चारदा सांगितले जाते. न भिणाऱ्याला कोणी चारदा सांगत नाही. आणि गंमत पाहा: तीनदा देव सांगतो, चौथ्यांदा, अगदी शेवटच्या वचनात, लोक सांगतात. देवाने सांगून झाल्यावरही माणसांनी सांगायचे ते शिल्लक राहतेच. म्हणून एकट्याने वाचण्यापेक्षा कोणाबरोबर तरी वाचा असे मी म्हणते.

दुसरा एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या शेकडो पूजकांपुढे एकटा उभा राहिलेला हा माणूस, आणि पुढच्याच अध्यायात (१ राजे १९) ईजबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपाने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येऊन काय करतो? उपदेश? नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावरचे प्रश्नोत्तर आणि ती मंद वाणी हे सगळे त्यानंतर, दोन झोपा आणि दोन जेवणांनंतर.

अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तर खुद्द येशू हा प्याला टळू दे म्हणाला. त्याला भीती वाटलीच नव्हती असे ज्यांना सिद्ध करायचे असते त्यांनी लूकने लिहिलेल्या, रक्ताच्या थेंबांसारख्या घामाचे काय करायचे ते ठरवावे.

विश्वासच उरला नाही असे वाटते. मग वाचून काय उपयोग?

मार्क ९ मधला बाप आठवा. मुलाला लहानपणापासून फेफरे येते, शिष्यांनी हात टेकले आहेत. तो येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एकाच वाक्यात दोन्ही. येशू त्याला ‘आधी नीट ठरव’ म्हणून परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो. तुमच्याकडे त्या वाक्याचा फक्त दुसरा अर्धा उरला असेल तर तेवढाच म्हणा.

मराठीत कोणते भाषांतर घ्यावे?

मंडळीत ऐकू येते ते बहुधा बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’. भाषा थोडी जुनी, पण पाठांतराला त्याला तोड नाही. वादळाला म्हटलेल्या ‘उगा राहा, शांत हो’ यातला ‘उगा’ कोणी ‘गप्प’ करून दाखवावा. तरुणांना सोप्या मराठीतली आवृत्ती लवकर भिडते. वसईकडचे कॅथलिक वाचक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आवर्जून वाचतात. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात आणि प्रॉटेस्टंटांच्या ६६, त्यामुळे अनुक्रमणिका वेगळी दिसली तर दचकू नका.

आणि पंडिता रमाबाईंचे भाषांतर. ते मी रोज वाचत नाही, पण कठीण दिवशी काढते, आणि त्याचे कारण भाषेपेक्षा बाई आहे. सोळा-सतराव्या वर्षी दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत, १८८२ मध्ये नवरा गेला. कडेवर तान्ही मनोरमा. पुढे केडगावला मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका. त्यांना कळेल अशा साध्या मराठीत बायबल हवे म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या भाषांतराला बसल्या. छपाईसुद्धा केडगावात, आश्रमातल्या बायकांच्या हातून. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतर आठ-नऊ महिने रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे पुस्तक त्यांनी किती वेळा तपासले असेल, आणि शेवटच्या खेपेला काय वाटले असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मी ख्रिस्ती नाही. वाचले तर चालेल का?

चालेल की. पुस्तक कोणाला जात विचारत नाही. रेव्हरंड टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल दोन्ही बाजूंनी चालायला मोकळा असतो. आमच्या बुधवारी एक रिटायर्ड एसटी कंडक्टर येतात, माळकरी आहेत, एकादशीला फक्त चहा घेतात. स्तोत्रे चालीवर कशी म्हणावीत हे आम्हाला त्यांनीच शिकवले.

दुःखात असलेल्या माणसाला भेटायला जाताना कोणते वचन सांगावे?

शक्यतो कोणतेही नको.

ईयोबाचे तीन मित्र आठवा: अलीफज, बिल्दद, सोफर. मुले गेलेली, अंगभर फोड, राखेत बसलेला ईयोब. ते आले, रडले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथे उठून घरी गेले असते तर आज आपण त्यांचे नाव आदराने घेतले असते. पण त्यांनी तोंड उघडले. पुढचे कितीतरी अध्याय ते देवाची बाजू मांडत राहतात आणि ४२ व्या अध्यायात देवच त्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. शिव्याशाप देणारा, कोर्टात चल म्हणणारा ईयोब!

आमच्याकडे सांत्वनाला गेले की कोणीतरी हमखास म्हणते, देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात. माझी बहीण गेली तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या मुलापुढे हे म्हटले गेले. तो पोरगा नंतर कितीतरी दिवस मुद्दाम वाईट वागत होता. वाक्य म्हणणारी बाई मायाळू आहे, तिचे नाव मी कधी घेणार नाही. पण तेव्हापासून मी डबा घेऊन जाते आणि भांडी घासून येते. मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूने काय केले ते योहानाने दोन शब्दांत लिहिले आहे: येशू रडला. तेवढे पुरे. वचन त्यांनी मागितले तर वाचावे, आणि मग पूर्ण स्तोत्र वाचावे.

गोळ्या-औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे का?

अजिबात नाही, आणि असे सांगणाऱ्याचे ऐकू नका, तो व्यासपीठावरून सांगत असला तरी. लूक स्वतः वैद्य होता. प्रेषित पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. तरुण सहकारी तीमथ्य याला वरचेवर होणाऱ्या दुखण्यासाठी पौलाने सल्ला दिला तो त्या काळातला औषधाचाच, थोडा द्राक्षारस घे असा. मधुमेहाची गोळी चालते आणि मनाच्या आजाराची चालत नाही, हा भेद बायबलमध्ये नाही, आपल्या लाजेत आहे. झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर स्तोत्र वाचा आणि १४४१६ हा नंबरही लावा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे. आधी कोणते? नंबर आधी.

डोळ्यांनी दिसत नाही, किंवा वाचताच येत नाही. मग?

ऐका. मूळचे बहुतेक लोक ऐकतच होते, पत्रे मंडळीत मोठ्याने वाचली जात. नातवंडांना वाचायला लावा; त्यांचे मराठी सुधारेल हा वरचा फायदा. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली टिळकांची पदे ज्यांना पाठ आहेत त्यांनी ती म्हणावीत, त्यांत अर्धे शास्त्र आहेच. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री पौल आणि सीला यांच्याकडे तरी कुठे पुस्तक होते? पाय खोड्यात होते आणि तोंडपाठ होते तेवढेच गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते.

रात्री वाचताना झोप लागते. देवाचा अपमान होतो का?

किती दिवसांनी लागली ते आधी सांगा. एलीयाला दोनदा लागली. मचव्यात कोणाला लागली होती ते वर आलेच आहे, आणि त्याला तर उशीही होती. चश्मा तेवढा काढून बाजूला ठेवा. माझ्या दोन काड्या अशाच मोडल्या.